बोनटवरचा सटवा

अकरा वर्षं मी कारखान्यात हंगामी मिस्त्री होतो. हंगामी म्हणजे ऊस आला की रहीमभाई, ऊस संपला की कोण तू. त्यात दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं, शिवारात उसाचं टिपरू राहिलं नाही आणि सहकाराचं धुराडं थंड पडलं. मी युसूफ वडगावला घरापुढच्या पत्र्याखाली लोकांच्या फटफट्या दुरुस्त करत बसलो. अशात चेअरमन सुंदररावांचा निरोप आला. त्यांच्या लेकाला, राधाकिशनला, दगडावर चढणारी जीप पाहिजे होती, नाशिककडच्या कुठल्याशा स्पर्धेसाठी. जीप कडा चढली की मिस्त्री वर्कशॉपला कायम, असं सुंदरराव चार माणसांत बोलले. कायम हा शब्द ऐकायला मी अकरा वर्षं कान टवकारून बसलो होतो. त्यांनी विमान मागितलं असतं तरी मी हो म्हणालो असतो.

भंगारातली जुनी जीप आणली आणि आठ महिने तिच्यावर जीव टाकला. स्प्रिंगचे पाटे बदलले, चाकं कमरेएवढी मोठी बसवली, बसणाऱ्याभोवती जाड पाइपाचा पिंजरा वेल्ड केला. पुढच्या-मागच्या आसाच्या हौजिंगमधले गिअरही वेल्ड करून टाकले, म्हणजे एक चाक हवेत गेलं तरी दुसरं फिरायचं थांबत नाही. असली गाडी दगडावर घोरपडीसारखी चिकटते, पण डांबरावर वळता वळत नाही.

एकच खोड राहिली. उभ्या चढाला तिचं तोंड उचलायचं. ट्रॅक्टरवाले वजनासाठी मागच्या चाकात पाणी भरतात, तसं मी पुढच्या दोन्ही चाकांत भरायचं ठरवलं. दीडशे लिटर. त्यासाठी कारखान्याचा टँकर खास माझ्या दारात आला. आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी करंगळीएवढा येत होता. बाया दारात उभ्या राहून बघत होत्या आणि मी व्हॉल्व्हला नळी लावून चाकाला पाणी पाजत होतो. माझी बायको सायरा म्हणाली, "पाजा चाकाला. आमी काय, आज हाय, उद्या न्हाई." मग तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू. पण लाज दोन दिवस टिकते आणि कायमची नोकरी निवृत्तीपर्यंत.

चाचणी ठरली आष्टीच्या वरच्या अंगाला, कड्याच्या पायथ्याशी. तिथं सुंदररावांच्याच संस्थेची चारा छावणी होती, त्यामुळे बघायला माणसं आयती मिळणार होती. उसाच्या ट्रॉलीवर फळ्या लावून जीप चढवली, चारी चाकं साखळदंडानं बांधली आणि पहाटे निघालो. रस्ताभर खड्डा आला की मागं पाणी डुचमळायचं. आठ महिन्यांत पहिल्यांदा मला झोपेची गुंगी आली, इतका मी निवांत होतो.

छावणीत सटवा भेटला. दोन बैल घेऊन बायको चतुराबाईसोबत चार महिने तिथंच पडून होता. सटवा ऊसतोड्या, पण कारखान्यावर त्याची ओळख वेगळी. दोन ट्रॉल्या ठासून भरलेला ट्रॅक्टर वजनकाट्याच्या चढाला लागला की त्याची पुढची चाकं उचलतात. तेव्हा सटवा पळत येऊन बोनटवर चढायचा. त्याच्या वजनानं चाकं खाली बसायची. कधी वीतभराच्या वर उचललीच, तर हा खाली उडी टाकून मोकळा. नऊ हंगाम हे केलं, अंगावर ओरखडा नाही. एक चहा पाजला की गडी खूश.

"रहीमभाई, लई रुबाबदार केली की गाडी," तो जीपभोवती फिरत म्हणाला. "आपल्याला कवा बसवता?"

"तुझं काय काम इथं?" मी हसून म्हणालो.

पाहुण्यांच्या पंधरा-वीस गाड्या वाटेवरच लागल्या होत्या, म्हणून छावणीचा टँकर खाली वळणावर अडकला होता. बाया रिकाम्या घागरी घेऊन ताटकळत होत्या. आम्ही जीप फळ्यांवरून उतरवली आणि पुढचं चाक धप्पदिशी जमिनीला टेकलं. आत पाणी हिंदकळलं. सगळ्यांत पुढं चतुराबाई होती. तिनं चाकाला कान लावला.

"बया, ह्येच्यात पानी हाय!"

मग काय विचारता. आमी घागरी घेऊन उभ्या आन चाकं पानी पितात व्हय, असा गलका उठला. दोघातिघांनी मोबाइल वर धरले. सुंदरराव मुरलेला माणूस, क्षणभरही गडबडले नाहीत. हात वर करून म्हणाले, "मिस्त्री, सोड ते पानी! आधी माझी मायमाउली, मग गाडी!"

टाळ्या पडल्या. मी व्हॉल्व्हची पिन काढली. काळसर, रबराच्या वासाचं पाणी चिळकांडी मारून बाहेर आलं आणि सुंदररावांनी स्वतः पहिली घागर धरली, फोटो निघेपर्यंत. ती घागर चतुराबाईची. बाया नाक मुरडत म्हणाल्या की बैलं तरी पितील. दोन्ही चाकं रिकामी झाली, मी पंपानं नुसती हवा भरली.

राधाकिशन सीटवर बसून पट्टे आवळत होता. मी त्याच्या कानाशी गेलो. "दादा, आज नको. पुढं वजन न्हाई. तोंड उचलंल."

"वजन पायजे ना? मग त्या सटव्याला बसव बोनटवर. तेच तर करतंय बे ते जन्मभर."

मी सुंदररावांकडे पाहिलं. ते पाहुण्यांकडे बघत हसत होते आणि ओठातल्या ओठात मला म्हणाले, "मिस्त्री, सोमवारच्या तुझ्या ऑर्डरवर सही करून आलोय. कावून खोडा घालतो?"

मला सगळं कळत होतं. चाकातलं पाणी जमिनीलगत बसतं, बोनटवरचा माणूस छातीएवढ्या उंचीवर. तेच वजन उंचावर गेलं की उभ्या चढाला गाडी मागं ओढतं. ट्रॅक्टर मागच्या ट्रॉल्यांनी जखडलेला असतो, तो सावकाश उठतो. ही जीप एका झटक्यात उठणार होती. हे बोलायला माझ्याकडे तोंड होतं, आणि मी ते सटव्यासाठी गोणपाट शोधण्यात गुंतवलं. बोनट तापलं होतं, त्याला चटका बसू नये म्हणून.

सटवा टुणकन चढला, गोणपाटावर मांडी ठोकून बसला आणि लग्नाच्या घोड्यावर बसल्यासारखा चतुराबाईकडे बघून हसला. मी म्हणालो, "पुढच्या पाइपाला धर. आन ट्रॅक्टरवानी उडी मारू नको. काही झालं तरी सोडू नको."

"सोडू नको म्हनता?"

"मी सांगतो ना."

हे मी का सांगितलं ते मला पक्कं माहीत आहे. त्यानं मधेच उडी मारली असती तर तोंड उचललं असतं, जीप चढली नसती आणि सोमवार हुकला असता.

पहिला दगड जीपनं सहज ओलांडला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. दुसऱ्या टप्प्याला मागची चाकं खाचेत रुतली आणि पुढची वीतभर उचलली. इथं सटव्यानं आजवर नेहमी उडी मारली होती. त्याचं अंग तयार झालेलं मला दिसलं. पण त्यानं वळून माझ्याकडं पाहिलं. विचारत होता. मी हाताची मूठ आवळून दाखवली, धरून राहा. त्यानं धरलं. राधाकिशननं रेस दिली आणि जीप उभीच्या उभी उठून मागं उलटली.

सटव्यानं शेवटपर्यंत पाइप सोडला नाही. आम्ही जीप कलंडवली तेव्हाही त्याची बोटं मलाच एकेक करून उलगडावी लागली.

राधाकिशन पट्टे सोडून बाहेर आला. कोपराला खरचटलं होतं. सुंदररावांनी लेकाला छातीशी धरलं, मग पिंजऱ्यावर थाप मारली आणि पाणावल्या डोळ्यांनी मला म्हणाले, "पायपाला चीरसुदिक न्हाई. माझं लेकरू वाचवलंस, मिस्त्री." मी मान डोलावली. त्या क्षणी मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पंचनाम्यात जीप नव्हती. सटवा बैल हुडकत कड्यावर गेला आणि पाय घसरून पडला, असं झालं. पाहणारे दोनशे होते, पण चारा संस्थेचा होता. एवढ्या गडबडीत टँकर खालच्या वळणावरूनच परत गेलेला.

दिवस कलताना सटव्याला छपरापुढं आंघोळ घालायची वेळ आली तर छावणीत कुणाच्या घागरीत दुसरं पाणी नव्हतं. चतुराबाईनं आपली घागर आणली. ते काळसर पाणी त्याच्या कपाळावरून ओघळलं आणि गॅरेजचा वास सुटला. रोज माझ्या अंगाला येतो तोच. मी निघताना ती माझ्यापाशी आली, पदर तोंडाशी धरून.

"तुमच्या चाकातलं पानी व्हतं म्हनून मानसाला आंगूळ तरी घडली, मिस्त्री. तुमचं लई चांगलं व्हईल."

सोमवारी मी कायम झालो.