गुरुवारची भट्टी

स्वयंपाकघरात मला बंदी आहे. बायको गॅसवर पातेलं ठेवते आणि मी मागून जाऊन गॅस बारीक करतो. लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी ही खोड गेलेली नाही. ज्याचा जन्म लोखंड तापवण्यात गेला, त्याला ज्योत फुकट जळताना बघवत नाही, त्याला मी काय करू? कारखान्यातली मोठी भट्टी माझ्या हाताखाली आहे. तिच्या दाराखाली दोन बोटं फट आहे. दार लागलं की आतली धग वाया जाऊ नये म्हणून मी तिथे वीट सारतो आणि धुराड्याची झडप थोडी ओढून घेतो. हे मला कुणी शिकवलं नाही आणि मीही कधी कुणाला सांगितलं नाही.

मग डॉक्टरीणबाई आल्या. त्या अजून डॉक्टर झाल्या नव्हत्या. पण भट्टीचा गॅस कसा वाचवायचा यावर चार वर्षं संशोधन करत होत्या, म्हणून आम्ही पदवी आधीच देऊन टाकली होती.

"काका, महिनाभर नुसती मोजणी आहे," त्या म्हणाल्या. "माल आत घाला, बाहेर काढा. बाकी कशाला हात लावायचा नाही."

मी वीट कोपऱ्यात ठेवली. महिनाभर हात शिवशिवत होते, पण शब्द पाळला.

पुढच्या महिन्यात त्यांनी हवा आणि गॅस मापून सोडणारं यंत्र बसवलं. बचत झाली दोन टक्के. "चार वर्षांत दोन टक्के," म्हणत त्या डबा न उघडताच बसून राहिल्या. माझी मुलगी त्यांच्याच वयाची. पाचव्या दिवशी वीट आपोआप फटीत गेली, असं म्हणू या.

बचत अकरा टक्क्यांवर गेली. फक्त गुरुवारी पुन्हा दोन. गुरुवारी माझी सुटी असते आणि बदली माणसाला वीट ठाऊक नाही. मला वाटलं, आता चोरी पकडली जाणार. पण एवढं शिकलेलं माणूस विटेकडे कशाला बघेल? शेजारची कापडगिरणी गुरुवारी बंद असायची. ती बंद असली की नळातल्या गॅसचा दाब बिघडतो, असं बाईंनी ठरवलं आणि त्यावर चाळीस पानांचं प्रकरण लिहिलं, आलेखांसकट. त्यांच्या सरांना गुरुवार इतका आवडला की ते दोन ठिकाणी त्यावर भाषण देऊन आले.

आणि गिरणीने सुटी सोमवारवर नेली.

"काका, आता भट्टी गुरुवारी नीट चालणार आणि सोमवारी बिघडणार," बाई हरखून म्हणाल्या. "परीक्षक येत्या गुरुवारीच येतायत. त्यांच्या डोळ्यांदेखत सिद्ध होईल."

पण गुरुवारी मी घरी असणार, म्हणजे वीट कोपऱ्यातच राहणार आणि बचत पुन्हा दोनवर येणार. तसा मार्ग सोपा होता: मीही सुटी सोमवारी घ्यायची. अर्ज लिहूनही झाला. बाई पदवी घेऊन गेल्या असत्या आणि जगभरचे भट्टीवाले शेजारच्या गिरणीची सुटी विचारत फिरले असते. बुधवारी तो अर्ज खिशात ठेवून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाई, गिरणीचा काही संबंध नाही. गुरुवारी मी नसतो."

"म्हणजे?"

मी वीट दाखवली.

त्यांनी ती उचलून उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, रडतील, नाहीतर ती माझ्या डोक्यात घालतील. माझी दोन्हीला तयारी होती.

"चाळीस पानं, काका," एवढंच म्हणाल्या. मग वही उघडली. "किती आत सारता? आणि झडप नेमकी कधी ओढता?"

परीक्षकांना त्यांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं आणि मुदत वाढवून घेतली. पुढचे तीन महिने त्या फूटपट्टी घेऊन माझ्यामागे फिरल्या. फट बुजवणारी चौकट बसली, झडपेला मोटर लागली. एका गुरुवारी मी घरी असताना फोन आला.

"काका, आज साडेअकरा टक्के."

"मी नसताना?"

"तुम्ही नसताना."

आनंद झाला, पोर डॉक्टर होणार होती. आणि वाईटही वाटलं, फार वाटलं. माझी वीट आता कुणाच्या कामाची नव्हती. फोन ठेवून मी खुर्चीत नुसताच बसलो. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं. आत पातेल्यावरचं झाकण थडथडायला लागलं.

"अहो," ती म्हणाली, "जरा आत या. गॅस बारीक करायचाय."