माणसाएवढी जागा

जेटीजवळच्या नव्या पार्किंगमध्ये व्हीलचेअरचं झकास चित्र रंगवलेल्या राखीव जागेत जुलियाने गाडी घातली, पण साल्वादोरच्या बाजूचं दार वीतभर उघडून शेजारच्या गाडीला टेकलं. चाळीस वर्षं किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलेला तिचा नवरा आता चाकाच्या खुर्चीवर होता आणि ती खुर्ची दाराशी न्यायला वाटच नव्हती.

"बोर्ड लावलंय, चित्र काढलंय, अजून काय व्हया काकी?" पट्टे मारून घेतलेला ठेकेदार सुशांत म्हणाला.

जुलियाचं डोकं फिरलं. तिने खाली उतरून नियमाचा छापील कागद बॉनेटवर आपटला. "हयसर तीन मीटर साठ रुंदी लिवलली आसा. तू दिलंस अडीच!"

"तितकी दिली तर एक गाडी कमी रवतली गो."

तेवढ्यात साल्वादोरने खिडकीतून मान बाहेर काढली. "सुशांत, तुझी होडी वाळूत ठेवतंस ती शेजारच्या होडयेक चिकटवन ठेवतंस रे?"

"छे! ओढणाऱ्यांका दोनय बाजूंक उभी रवाक जागा नको?" सुशांत पटकन बोलून गेला आणि त्याची नजर दाराच्या वीतभर फटीवर गेली.

जुलियाने परत बसून गाडी मागे घेतली, पार्किंगच्या तोंडावर आडवी लावली आणि चावी पर्समध्ये टाकली. मागे हॉर्न वाजू लागले.

"रंगाचो डबो घेवन ये," ती म्हणाली. "होडयेक दितंस तितकी जागा माझ्या घोवाक दी."