माझा आवाज गगनबावड्याला गेला

मी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. कोल्हापुरात बापूसोंच्या दुरुस्तीच्या दुकानात, वरच्या फळीवर, गेली सोळा वर्षं बसून आहे. मित्रांनो, माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं.

बापूसोंची बायको राजमती लग्न होऊन आली, तेव्हा तिने मला माहेराहून सोबत आणलं. माझी पेटी सागवानी, बटणं पितळी कड्यांची. सकाळी तिने मला लावलं की मी तापून बोलू लागेपर्यंत चहाला आधण येई. "राजमती, तुजा रेडिओ लई ग्वाड बोलतोय गं," असं शेजारणी म्हणत आणि मी फुगून जाई. पुढे घरात टीव्ही आला. मग माझा एक व्हॉल्व्ह गेला आणि बापूसोंनी मला दुकानात आणलं. "सवडीनं बघतो की," ते राजमतीला म्हणाले. गिऱ्हाइकांची कामं संपली नाहीत आणि माझी सवड काही आली नाही.

यंदा दिवाळीनंतर गगनबावड्याच्या तानाबाई दुकानात आल्या. त्यांच्या कडेवर नव्या टॉवेलात गुंडाळलेला एक रेडिओ होता, अगदी माझ्याच बनावटीचा. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! टॉवेलाच्या आत प्लास्टिकच्या कागदाचे तीन पदर. एवढे लाड माझे कधी कुणी केले नव्हते.

"मालकास्नी आता दिसत न्हाय, अण्णा," तानाबाई म्हणाल्या. "मोबाईलचं बटण त्यास्नी गावत न्हाय. ह्येची बटणं मोठी हायत, हाताला लागत्यात. तेवढा बोलता करा. बारा वरसं पावसाचा थेंब लागू दिला न्हाय बगा."

बापूसोंनी मागचा पुठ्ठा काढला. आत सगळीकडे बुरशी होती. "तितंच चुकलं, मावशी. कागदानं ओल आतच कोंडली की."

पुढचे आठ दिवस बापूसो त्याच्यावरच वाकलेले. बुरशी पुसली, गंज घासला, कुजलेले कपॅसिटर काढून नवे जोडले, वर पेटीला पॉलिशही केलं. मला सोळा वर्षांत सवड नाही आणि या बुरसटलेल्यासाठी आठ दिवस! पहिल्यांदा वीज जोडताना त्याच्यातून धूर निघावा, अशी प्रार्थना मी केली. खोटं कशाला बोलू?

धूर निघाला नाही. दिवा लागला, व्हॉल्व्ह तापले, पण आवाज येईना. स्पीकरला आवाज पोचवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची बारीक तार ओलीने तुटली होती आणि तसला ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळत नाही. बापूसोंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मी सोळा वर्षं वाट पाहिली होती. पण ती माझ्यासाठी नव्हती. कोरड्या फळीवर उघड्यावर पडून माझा ट्रान्सफॉर्मर धडधाकट राहिला होता, आणि त्यांना तेवढाच हवा होता.

दुपारी राजमती डबा घेऊन आली. बापूसोंनी तिला सगळं सांगितलं. "काढला तर तुजा कायमचा मुका व्हईल," ते म्हणाले.

ती नाहीच म्हणणार, माझी खात्री होती. मी तिच्या माहेरचा होतो. तिने पदराने माझ्यावरची धूळ पुसली.

"सोळा वरसं मुकाच हाय की," ती म्हणाली. "मलाबी कुटं सवड झाली इचारायला? काढा. मावशींच्या मालकास्नी दिसत न्हाय, निदान ऐकू तरी यू दे."

दुसऱ्या दिवशी तानाबाईंसमोर तो बोलला. काय बोलला, तर गुळाचे भाव. गुळाचे भाव ऐकून कुणी रडतं का? तानाबाई रडल्या. राजमतीही त्याच्याच जवळ उभी राहिली, आणि मी जळून गेलो. निघताना तानाबाई सवयीने पुन्हा कागद गुंडाळू लागल्या. राजमतीने तो काढून घेतला. "रोज लावा, मावशी. तापला की ओल जाती."

मित्रांनो, जीव लावलेली वस्तू गुंडाळून ठेवू नका आणि सवडीवरही टाकू नका. दोन्हींत ती मुकीच होते. आणि कधी गगनबावड्याला गेलात, तर त्या रेडिओला चांगला बोलतोस म्हणा. फक्त परत येऊन मला सांगू नका.