चिखलाचे एक कोटी युनिट

गझमेंदसाहेब आठवले की मला अजून शिसारी येते. धरणाचे ते संचालक, मी तिथली इंजिनिअर लिरी. दर सप्टेंबरला तलावाची पातळी वाचायची, त्या पातळीला पाणी किती ते तक्त्यात बघायचं आणि त्याची वीज काढायची, हे माझं काम. आमच्याकडे पाणी शंभर मीटर खाली पडतं. चार घनमीटर सोडलं की एक युनिट. शाळकरी पोरालाही जमेल.

गोची तक्त्यात होती. तो धरण बांधलं तेव्हाचा, आणि नदी तेव्हापासून गाळ आणून ओततेय. त्या वर्षी मी प्रेंक नावाड्याला दोरीला वजन बांधून तळ मोजायला लावला. दोरीबरोबर काळा, सडका चिखल वर यायचा. त्याच्या वासानं मला जेवण जात नव्हतं.

"बाई, तळ वर आलाय," प्रेंक म्हणाला. "तुमचा कागद सोळा कोटी घनमीटर म्हणतो ना? बारा निघाले तर नशीब."

म्हणजे चार कोटी युनिट नव्हेच, तीन.

"मग जानेवारीत वीज पुरेल का?" त्यानं विचारलं. "माझी बायको लेना श्वासाच्या यंत्रावर आहे. नसेल पुरत, तर तिला खोऱ्याबाहेर, श्कोद्रा शहरात लेकीकडे ठेवतो."

"थांब, आकडा पक्का होऊ दे."

आकडा घेऊन गेले तेव्हा साहेब कॉफीच्या कपातली साखर बोटानं चाटत होते. "अगं लिरी, पंचेचाळीस वर्षं हाच तक्ता चाललाय. मंत्रालयाला तीन सांगितलं तर माझी खुर्ची जाईल, आणि तुझी आधी. चिखलाचीही वीज होते म्हण हवं तर." स्वतःच्याच विनोदावर खिदळले.

मी चार कोटींवर सही केली. त्यांच्यापेक्षा मला माझीच किळस आली, तरी केली.

त्या आकड्याच्या भरवशावर पानगळभर पाणी सोडलं. जानेवारीत तलाव टर्बाइनकडे पाणी नेणाऱ्या बोगद्याच्या तोंडाखाली गेला आणि खोऱ्यात दोन दिवस वीज नव्हती.

लेनाला पुरल्यावर चौथ्या दिवशी प्रेंक ऑफिसात आला. त्यानं शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

"बाई, ऑफिसबाहेरच्या फलकावर तुमच्या सहीचा आकडा वाचला होता," तो हळू म्हणाला. "म्हटलं, बाई चुकायच्या नाहीत, मीच मोजताना चुकलो असेन. म्हणून तिला हलवलं नाही. आता एकदाच सांगा, माझी मोजणी बरोबर होती का?"

"बरोबर होती."

"आणि हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं."