लिफ्टवाल्याचा कोट

तो पिक्चर आला तेव्हा दोन आठवड्यांत उतरला. आता इतक्या वर्षांनी एका थिएटरात दर शनिवारी लावतात आणि पोरंपोरी पुतळ्यांसारखे कपडे घालून बघायला येतात. गोष्ट म्हणाल तर दगड! कापडाच्या मोठ्या दुकानातले पुतळे जिवंत होतात आणि गाणी म्हणत नाचतात. पण मध्येच लिफ्टचं दार उघडतं, लिफ्टवाला गातो, दार बंद होतं आणि तो पुन्हा दिसत नाही. त्या चार मिनिटांना अख्खं थिएटर उभं राहतं. तो लिफ्टवाला माझा मुलगा. लोक त्या चार मिनिटांबद्दल काहीबाही सांगत सुटलेत, म्हणून खरं काय झालं ते मीच लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नका.

त्याला सगळे घोगरा म्हणायचे. आवाज फाटका, पण त्याच आवाजावर त्याने रॉक बँड काढला आणि नाव कमावलं. मला ते संगीत भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. पण कोसळताना एक भांडं बेसूर पडत नाही, एवढं मला कळतं. मग बँड फुटला. ड्रमवाल्याने लग्न केलं, गिटारवाल्याने दुकान टाकलं आणि हा आठ महिने छताकडे बघत पडून राहिला. शेवटी या पिक्चरच्या दिग्दर्शकाने बोलावणं धाडलं. त्याने याचं गाणं पूर्वी कुठेतरी ऐकलं होतं. मी त्याच स्टुडिओत शिवणखात्यात होते, पण माझा वशिला नव्हता हे आधीच सांगून ठेवते.

कोट मात्र मी शिवला. लाल, आखूड, पितळी बटणांच्या दोन रांगा. अंगाला असा बसला की आमच्या वरच्या, वेशभूषेच्या बाईसुद्धा गप्प झाल्या, आणि त्या गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत.

शूटिंगला मी कोपऱ्यात सुईदोरा घेऊन उभी होते. गाणं आधीच रेकॉर्ड झालेलं असतं. ते कर्ण्यातून वाजवतात आणि नटाने त्यावर ओठ हलवायचे. दार उघडलं, गाणं सुरू झालं आणि घोगरा पहिल्याच ओळीला मागे पडला. पुन्हा घेतलं. पुन्हा मागे. सातव्यांदा तर कर्णा गातोय आणि हा तोंड उघडं टाकून उभा, डॉक्टरला घसा दाखवल्यासारखा.

"अहो, नुसते ओठ हलवा ना," दिग्दर्शक म्हणाला.

"नुसते हलत नाहीत. गायलो तरच हलतात."

"मग गा!"

"गातोच आहे. ओळभर दम पुरत नाही."

दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं. "जेवणानंतर एकदा घेऊ. जमलं तर जमलं, नाहीतर लिफ्ट रिकामी उघडेल. गाणं पुतळ्यांना देऊन टाकू."

पोरगं पायऱ्यांवर जाऊन बसलं. मी शेजारी बसले.

"आई, सोड. मी घरी जातो."

"घरी कशाला? छत बघायला? ते आहे तिथेच आहे."

"माझ्यात दम राहिला नाही गं."

"दम नाही म्हणे! घे बघू श्वास."

त्याने घेतला. अर्ध्यावरच बटणं ताणली आणि तो थांबला. मापं मीच घेतली होती. बावीस वर्षं माप घेताना प्रत्येकाला सांगत आले, श्वास सोडा, सरळ उभे राहा. नटांचं त्यात बिघडत नाही. पण हा गाणारा, आणि गाताना याची छाती चार बोटं फुगते. गाणं त्याने सैल सदऱ्यात रेकॉर्ड केलेलं आणि मी त्याला रिकाम्या छातीच्या मापाच्या कोटात कोंबला होता. आयुष्यात कुणाला माझ्या शिवणीकडे बोट दाखवू दिलं नाही. त्या दिवशी मलाच दाखवावं लागलं.

शिवणी उसवून उपयोग नव्हता, आत कापड सोडलंच नव्हतं.

"वळ," म्हटलं.

"काय करतेस?"

"वळ म्हटलं ना!"

कात्री घातली आणि पाठीवर कॉलरखालून कमरेपर्यंत कोट सरळ कापला.

"आई! बाई जीव घेतील तुझा."

"घेऊ देत. तू लिफ्टच्या भिंतीला पाठ लावून उभा राहा. आता श्वास घे. पोटापर्यंत घे."

त्याने घेतला. कोट मागून दारासारखा उघडला.

जेवणानंतर घेतलं. दार उघडलं आणि घोगरा गायला. कर्ण्याच्या वर आवाज चढवून गायला, मानेच्या शिरा दोरखंडासारख्या, आणि एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पण अंगात आल्यावर तो कुठला भिंतीला टेकतो! तिसऱ्या कडव्याला लिफ्टच्या बाहेर आला आणि गर्रकन फिरला. कॅमेऱ्यासमोर फाटका कोट आणि आत घामाने चिकटलेला पांढरा बनियन.

वेशभूषेच्या बाई किंचाळायला निघाल्या. दिग्दर्शकाने हात वर करून त्यांना थांबवलं. गाणं संपलं, घोगरा मागे सरकला, दार बंद झालं.

"कोट कुणी फाडला?" दिग्दर्शकाने विचारलं.

"फाडला नाही, कापला. मी," म्हटलं. "माप माझं चुकलं होतं."

"मावशी, पाठ दिसली."

"दिसू द्या. एवढे पुतळे आहेत तुमच्याकडे, एक तरी माणूस दिसू द्या."

त्याने लिफ्टच्या बंद दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "हाच ठेवा. पुढचा सीन लावा."

आतून घोगऱ्याने दारावर धडाधड हात मारले. त्याला उघडून द्यायचं सगळे विसरले होते.

बाईंनी मला संध्याकाळी सांगितलं, उद्यापासून येऊ नका. परवानगीशिवाय पोशाखाला कात्री लावणं हा स्टुडिओत गुन्हाच, आणि नियम त्यांच्या बाजूने होता. मी भांडले नाही. सकाळी आठला नेहमीसारखी जाऊन मशीनवर बसले. पुतळ्यांच्या चाळीस जाकिटांना अजून बटणांची काजं व्हायची होती.

"तुम्हाला काल काय सांगितलं होतं?" बाई दारात उभ्या.

"ऐकलं होतं," म्हटलं. "जरा उजेडातून बाजूला व्हा, सुई दिसत नाही."