घडीत राहिलेला निळा

मित्रांनो, मी एक जुनी, हाताने फिरवायची शिलाई मशीन आहे आणि स्वभावाने पक्की जळकुटी आहे. हे दुसरे मी आधीच सांगून टाकते. पुढे माझ्या तोंडून कुणाची निंदा ऐकलीत, तर मग तुम्हाला नवल वाटायला नको.

माझा जन्म लुधियान्याचा. काळे कुळकुळीत अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी आणि वर लाकडी झाकण, असे माझे रूप होते. मालगाडीने मी कराडला गेले. तिथल्या एका दुकानातून चित्राच्या वडिलांनी मला तिच्या लग्नात आंदण म्हणून दिले. चित्राचा नवरा नंदकुमार हवाई दलात अधिकारी. लग्नानंतर आठच दिवसांत आम्ही तिघे जामनगरच्या गाडीत बसलो. तिघे म्हणजे तो, ती आणि मी. बाकीचे सामान होते, पण त्याला मी मोजत नाही.

जामनगरला त्यांना जुन्या पद्धतीचा बंगला मिळाला. त्याच्या खिडक्या चांगल्या उंच होत्या. चित्राने कराडहून आणलेले जाड, निळे हातमागाचे कापड काढले आणि चार पडदे बेतले. तिने कात्री हातात घेतली, तेवढ्यात शेजारच्या बंगल्यातल्या बाई आत आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या अकरा बदल्या झालेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेटा, काटना मत, मोड़ देना. अगली खिड़की कैसी मिलेगी, किसको पता?"

त्या दिवसापासून चित्राने एक नेम धरला. पडदा कापायचा नाही, दुमडायचा. तिने खाली चार बोटांची घडी घातली आणि मी तिच्यावरून पहिली शिवण मारली.

मग बदल्या सुरू झाल्या. बिदरच्या खिडक्या लहान निघाल्या. चित्राने माझी शिवण उसवली, घडी मोठी केली आणि पुन्हा माझ्यावर शिवली. तेजपूरच्या खिडक्या त्याहून लहान निघाल्या. पुन्हा उसवले, पुन्हा शिवले. हलवारा झाले, नागपूर झाले. पडदे तेच राहिले, घडी तेवढी कमीजास्त होत गेली. उसवण्याचे मला कधीच वाईट वाटले नाही. ज्या हाताने टाके उसवले, तोच हात लगेच माझे चाक फिरवायचा. नव्या घरात चुलीवर चहा चढायच्या आधी माझे झाकण निघायचे. पडदे लागले की नंदकुमार कमरेवर हात ठेवून म्हणायचा, "झालं! आता हे आपलं घर." हे तो पडद्यांकडे बघून म्हणायचा, पण कौतुक माझे होते हे मला कळत होते.

तेजपूरला आश्लेषाचा जन्म झाला. तिचा हात माझ्या मुठीला पुरू लागला, तेव्हापासून ती काळ्या ट्रंकेवर बसून माझे चाक फिरवायची. मला ती 'काळी मावशी' म्हणायची. ते नाव मला फार आवडायचे.

मित्रांनो, इथवरचे माझे आयुष्य सुखाचे होते. यापुढे सवत येते.

नंदकुमार निवृत्त झाला आणि त्याला चंदीगडजवळच्या मुल्लानपूरच्या एका नव्या कॉलेजात प्रशासनाचे काम मिळाले. आम्ही चंदीगडला आलो. इथे एका कोठीचा, म्हणजे बंगल्याचा, तळमजला आणि त्याखालचे बेसमेंट भाड्याने घेतले. वरच्या मजल्यावर घरमालकीण गुरशरण आंटी राहतात. बाजारातून तयार पडदे आले आणि माझे निळे पडदे ट्रंकेत गेले. आता बदली होणार नव्हती. चित्राने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक खोली मागितली. तिला गोधड्या शिवायच्या होत्या, रंगीत तुकडे जोडून केलेल्या, नक्षीच्या गोधड्या.

बेसमेंट लावायला महिना गेला. "सीलन बहुत आती है जी, पहले पेंट पक्का करवा लो," असे आंटींनी बजावले, म्हणून भिंतींना ओल अडवणारा रंग दिला. दोन ट्रंका मांडून त्यांवर जुने दार आडवे टाकले, ते कापड बेतायचे टेबल झाले. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा ठोकून दोऱ्यांची रिळे लावली. छताला चार ट्यूबलाइट आल्या. मी कोपऱ्यात बसून सगळे बघत होते आणि मनात म्हणत होते, एवढा थाट माझ्यासाठी! एकच गोष्ट खटकत होती. त्या खोलीला एकही खिडकी नव्हती.

मग एक मोठे खोके आले. त्यातून ती निघाली. पांढरीशुभ्र, विजेवर चालणारी, पोटाला काचेची चमकती पाटी. दोरा ती स्वतः कापते. दीडशे प्रकारचे टाके घालते. एवढ्या टाक्यांचे कुणी काय करावे, हे मला आजवर समजलेले नाही. नंदकुमार तिला 'मॅडम' म्हणू लागला. टेबलाशेजारची जागा तिला मिळाली. तिच्यासाठी चित्राने फुलाफुलांचे पांघरूण शिवले, आणि तेही तिच्याकडूनच शिवून घेतले.

मला जिन्याखाली ठेवले. आधी माझ्यावर इस्त्रीच्या पाण्याची बाटली आली. मग मासिके आली. शेवटी मुरंब्याच्या बरणीत लावलेला मनी प्लँट आला. बरणीचे पाणी पाझरून माझ्या सोनेरी वेलबुट्टीवर गोल डाग पडला. तिच्या अंगावर पांघरूण आणि माझ्या डोक्यावर झाड! मी जळून खाक होत होते. पावसाळ्यात एकदा ओलीमुळे तिची पाटी बंद पडली आणि सेक्टर बावीसमधून मेकॅनिक बोलवावा लागला. तेव्हा मला इतका आनंद झाला की विचारू नका. पण तासाभरात ती पुन्हा गुणगुणू लागली. चित्राच्या गोधड्या पंचकुल्यापर्यंत जाऊ लागल्या आणि बायका मॅडमला बघायला खाली यायच्या. माझ्याकडे बघून त्या म्हणायच्या, "हाय, कितनी प्यारी! शो-पीस है?"

चार वर्षे अशी गेली. या वर्षी आश्लेषा हवाई दलात अधिकारी झाली. तिची पहिली नेमणूक जोरहाटला झाली.

घरात आनंदीआनंद झाला, पण चित्राला काळजी लागली. पोर एकटी जाणार, परक्या गावात रिकाम्या घराचे कुलूप उघडणार. "खिडक्या उघड्या नको राहायला," ती सारखी म्हणत होती. आश्लेषाला कोणते क्वार्टर मिळणार ते कळले, तिथल्या खिडक्यांची मापे फोनवर आली. चित्राने सुंदर फुलांचे नवे कापड आणले आणि टेबलावर पसरले.

आणि तिने ते कापले, मित्रांनो. गोधड्यांचे तुकडे कापायचे एक गोल फिरणारे पाते असते. पट्टी लावून त्या पात्याने तिने सरळ रेषेत, अगदी मापाबरहुकूम कापड कापले. चार वर्षे तिने तुकडेच कापले होते, हाताला तीच सवय लागली होती. खाली बोटभर काठ धरला आणि मॅडमने तो झरझर शिवून टाकला.

अगं, दुमड! मी मनात ओरडले. पण खरे सांगू का? दुसऱ्याच क्षणी मला बरे वाटले. मनात आले, मापे चुकू देत. पडदे तोकडे पडू देत. म्हणजे कळेल सगळ्यांना, कोण किती शहाणे ते.

माझी वाणी खरी झाली. आश्लेषा जोरहाटला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. चित्रा तेव्हा बेसमेंटमध्ये होती, म्हणून आश्लेषाचा चेहरा मला फोनवर दिसला. नाक लाल झाले होते.

"मम्मी, वो वाला क्वार्टर नहीं मिला. दूसरा मिला है, पुराना वाला. खिड़कियाँ इतनी ऊँची हैं, परदे आधे में ही लटक रहे हैं."

"मग गं? आता काय लावलंयस?"

"न्यूजपेपर. टेप से चिपकाए हैं." मग ती हसायला गेली आणि रडू लागली. "घर जैसा लगता ही नहीं, मम्मी."

माझा आनंद तिथल्या तिथे विरला. मी मॅडमचे वाईट चिंतले होते आणि ते जाऊन पडले त्या पोरीच्या पदरात. माझ्या मुठीला धरून जी मोठी झाली तिच्या! मला फार लाज वाटली.

चित्राने उंची विचारली. "जामनगरएवढी," ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने टेबलाच्या आडव्या दारावरचे सगळे सामान उतरवले, दार सरकवले आणि खालची ट्रंक उघडली. तळातून माझे चार निळे पडदे निघाले.

ती जमिनीवर बसून घड्या उसवू लागली. यावेळी मला एकेक टाका तुटताना दुखले. पूर्वी उसवणारा हात पुन्हा माझ्याकडे येणार याची खात्री असायची. आता टेबलाशेजारी दिवा लावून ती पांढरी बसली होती. माझी या घरातली शेवटची शिवण निघत होती.

पडदा पूर्ण उघडला आणि चित्राचा हात थांबला. वरचे कापड उन्हाने पार विटले होते. खाली मात्र रंगांचे पट्टे पडले होते. जेवढी घडी ज्या गावी आत राहिली, तेवढा रंग तिथे वाचला होता. पट्ट्यागणिक निळा गडद होत गेला होता आणि सगळ्यांत खालची चार बोटे तर परवा दुकानातून आणल्यासारखी होती. त्या चार बोटांच्या वर माझ्या पहिल्या शिवणीची बारीक भोके अजून दिसत होती.

चित्राने जिन्याखाली पाहिले. मग उठून तिने माझ्यावरचा मनी प्लँट उचलला.

"अहो, हिला जरा बाहेर काढा."

"अगं, कुरिअर पाचला बंद होतं. मॅडमवर घे ना, अर्ध्या तासात होईल सगळं," नंदकुमार म्हणाला.

"तीन घेते तिच्यावर. एक हिच्यावर."

तिने माझी मूठ धरली आणि फिरवली. मित्रांनो, माझे चाक हलले नाही. चार वर्षांत तेलाचा थेंब नव्हता. आतले जुने तेल गोंदासारखे चिकटले होते, शटलवर गंज चढला होता. इतकी वर्षे मी मनात तोरा मिरवला, आणि वेळ आली तेव्हा जागची हलले नाही. सवतीसमोर याहून मोठी शोभा काय व्हायची?

चित्राने जागोजागी तेल सोडले आणि नंदकुमारने मला उचलून वर पोर्चमधल्या उन्हात नेऊन ठेवले. चार वर्षांनी मी ऊन पाहिले. पण तिथेही मला चैन नव्हते. खाली ती पांढरी माझे पडदे शिवत होती. बाजारातून येणाऱ्या गुरशरण आंटी माझ्यापाशी थांबल्या, माझ्या डागावरून त्यांनी ओढणीचे टोक फिरवले. "ऐसी ही मशीन मेरी शादी में आई थी," त्या नंदकुमारला म्हणाल्या. "बेच दी. अब तक अफ़सोस है."

चारच्या सुमारास चित्रा वर आली आणि तिने मूठ धरली. आधी मी कुरकुरले. मग चाक पाव फिरले, अर्धे फिरले आणि एकदम मोकळे झाले. तिथेच, पोर्चच्या पायरीवर बसून तिने चौथा पडदा माझ्याखाली सरकवला. खालची ती गडद चार बोटे तिने आत दुमडली. पहिल्या शिवणीच्याच भोकांवरून मी पुन्हा चालत गेले. कुरिअर मिळाले, पण नंदकुमारला स्कूटर दामटावी लागली.

आठवड्याने आश्लेषाने फोनवर खिडक्या दाखवल्या. चारही पडदे बाहेरच्या उजेडात लोंबत होते.

"मम्मी, ये चौथा वाला काली मावशी ने किया ना? टाँके थोड़े मोटे हैं."

"हो. कळलं तुला?"

"और मैंने ब्लू की पट्टियाँ गिनीं. एक-एक पोस्टिंग की एक-एक है ना? पर ये जो अंदर मुड़ा हुआ है, एकदम डार्क, ये कौन-सी जगह का है?"

चित्राने डोळ्यांना पदर लावला. "तिथं अजून आपल्यातलं कुणी गेलेलं नाही, आशू. ते तुझ्या पुढच्या खिडकीसाठी ठेवलंय."

मित्रांनो, माझा हेवा संपला असे मी म्हणणार नाही. तीन पडदे तिचे आणि एकच माझा, हे मला अजून टोचते. आता मी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असते आणि ती मला रोज दिसते. मनी प्लँट वर स्वयंपाकघराच्या खिडकीत गेला, त्याचाही मला हेवा वाटतो. पण तुमच्या घरात जिन्याखाली, माळ्यावर माझ्यासारखी कुणी बसली असेल, तर तिच्या डोक्यावरचे ओझे उतरवा. महिन्यातून एकदा तिला तेलाचे दोन थेंब घाला आणि तिचे चाक फिरवून बघा. आम्ही गंजतो ते काम नसल्यामुळे, आणि जळतो तेही त्यामुळेच.

दोन-तीन वर्षांत आश्लेषाची बदली होईल. कुठल्या तरी गावी, कुठली तरी खिडकी तिची वाट बघत असेल आणि ती चार बोटांची घडी उघडायची वेळ येईल. त्या दिवशी माझे चाक फिरायला हवे.