मांजराला करमत नाही

"आंटी, थोड़ा ज़ोर से बोलिए ना! कुछ सुनाई नहीं दे रहा," विराज स्टेजवरून ओरडला.

"जोरानं बोलली तर तुह्याआधी पहिल्या रांगेले ऐकू जाईन रे पोट्ट्या," मंदाकिनी विंगेतून म्हणाली. "तू पाठ काहून नाही करत?"

"कर तो रहा हूँ. मराठी है ना, टाइम लगता है."

मंदाकिनीनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, तितक्याच हळू. विराजनं या वेळी कान दिला आणि त्याला ते ऐकू आलं. हळू सांगितलेलं ऐकू येत नाही असं नसतं, ऐकायची सवय नसते, असं मंदाकिनीचं मत होतं. जन्मभर प्रॉम्प्टिंग केलेल्या बाईला एवढं मत असायला हरकत नाही.

मंदाकिनी दाणी. पाटबंधारे खात्यात टायपिस्ट होती, आता निवृत्त. हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मराठी मोहल्ल्यात भावाच्या घरी वरच्या खोलीत राहते. लग्न झालं नाही. स्थळं आली, त्यांना चहापोहे झाले, मग आईचं आजारपण निघालं, आणि पुढं पुढं स्थळांनीच तो रस्ता सोडला. ती तिथल्या गणेशोत्सव मंडळाच्या एकाही नाटकात कधी स्टेजवर आली नाही आणि तिच्याशिवाय मंडळाचं एकही नाटक झालं नाही.

तालीम संपताना मंडळाचा सचिव नीलेश हॉलमध्ये आला. "मंदाताई, गुड न्यूज आहे. पाहुणे पक्के झाले. उदयकाका पाटणकर येऊन राहिले, नाशिकहून. काकूही सोबत आहेत."

"हव का," मंदाकिनी म्हणाली, आणि हातातल्या स्क्रिप्टची पानं सारखी करत बसली. ती आधीच सारखी होती.

या नाटकाची गोष्ट सांगायला हवी. खरं तर ते नाटकच नव्हतं. पूर्वी दूरदर्शनवर एक विलायती मालिका लागायची. नवीन लग्न झालेलं जोडपं, भाड्याचं घर, नवरा आळशी, बायको तोंडाची फटकळ, आणि दर भागात काहीतरी किरकोळ भानगड. तात्यापाऱ्यात टीव्ही होता श्यामकांतकाकांकडे आणि इंग्रजीही त्यांनाच यायचं. सगळा पारा त्यांच्या बैठकीत जमायचा. विनोद झाला की काका तो मराठीत समजावून सांगायचे, तोवर टीव्हीतला पुढचा विनोद होऊन जायचा. त्यामुळे तात्यापाऱ्यात ती मालिका एक विनोद उशिरानं हसत बघायची पद्धत पडली होती. टीव्हीत न दिसणारी माणसं हसायची, ती थांबली की बैठकीतली माणसं हसायची.

मालिका बंद झाली तेव्हा लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. मग काकांनी त्या जोडप्याला लंडनमधून उचलून तात्यापाऱ्यात आणलं. नवरा झाला विनायक, बायको कुमुद. गॅसची नळी, घरमालक, सासूची तार, सगळं इथलं. दर गणपतीत एक नवा भाग. काकांच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरातून तो टाइप करायचं काम मंदाकिनीकडे आलं, आणि टाइप करता करता सगळं पाठ व्हायचं, म्हणून प्रॉम्प्टिंगही तिच्याकडेच आलं. कुमुदचं काम शर्मिष्ठा करायची. ती दिसायलाच अशी होती की दुसरं कोणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. विनायक झाला उदय.

उदय बँकेत कारकून. अमरावतीकडचा, इथं एकटाच बदलून आलेला. देखणा म्हणता येणार नाही, पण स्टेजवर नुसता येऊन उभा राहिला तरी लोक हसायचे. विसराळू मात्र इतका की डोक्यावर चष्मा ठेवून हॉलभर चष्मा शोधायचा. मंडळात लहानथोर सगळे मंदाकिनीला मंदाताई म्हणायचे, अगदी वयानं मोठे गंगाधर मास्तरसुद्धा. उदयनं एकदाही तिला ताई म्हटलं नाही. तो म्हणायचा, "अहो प्रॉम्प्टर." ते तिच्या लक्षात यायचं आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा यायचं.

प्रत्येक भागाचा शेवट ठरलेला. भांडण मिटलंय, दोघं चहा घेऊन बसलेत, आणि विनायक म्हणतो, "तू नसलीस की या घरात करमत नाही." कुमुद लाजते. मग तो म्हणतो, "मांजराला." हॉल कोसळतो, पडदा.

आणि नेमकं हेच वाक्य उदय विसरायचा. दर वर्षी, दर प्रयोगाला. कप हातात धरून उजव्या विंगेकडे बघायचा, जिथं स्टुलावर मंदाकिनी बसलेली असायची. ती हळूच सांगायची, "तू नसलीस की या घरात करमत नाही." तो मान हलवायचा, आणि तिच्याचकडे बघत ते वाक्य म्हणायचा. मग कुमुदकडे वळून "मांजराला." ते कधी विसरला नाही.

श्यामकांतकाका डोकं धरायचे. "अरे बैला, दर साली तेच वाक्य आहे! नवं तं नाही ना!"

"काय करू काका, तिथंच येऊन गाडी बंद पडते," उदय म्हणायचा.

तो खरंच विसरायचा का? मंदाकिनीला आयुष्यात एवढा एकच प्रश्न पडला असं नाही, पण सुटला नाही असा हा एकच. विसराळू तर तो होताच. पण एकच वाक्य? तिला तो आवडत होता, हे सरळच सांगितलेलं बरं. ती गणपतीची वाट बघायची ती गणपतीसाठी नव्हे. वर्षातून एकदा एका माणसाला भर सभेत, कोणाला कळू न देता, तू नसलास की करमत नाही असं सांगायला मिळायचं. शब्दात थोडा फरक होता, एवढंच.

मग उदयची बदली झाली. शेवटच्या प्रयोगानंतर विंगेत तो तिच्याजवळ आला. "प्रॉम्प्टर, मले तुम्हाले..." एवढंच बोलला आणि थांबला. थांबून तिच्याकडे बघत राहिला. नेहमी बघायचा तसाच.

मंदाकिनी म्हणाली, "काय?"

"काही नाही. चष्मा राहिला होता," तो म्हणाला. चष्मा त्याच्या डोळ्यांवरच होता.

दुसऱ्यांनी लिहिलेलं तिला सगळं पाठ होतं. हे कोणी लिहिलंच नव्हतं, मग ती काय सांगणार? पुढं वर्षभरात त्याच्या लग्नाची पत्रिका मंडळात आली, सगळ्या कार्यकारिणीला मिळून एक.

आता एवढ्या वर्षांनी तो येत होता. मंदाकिनीनं ठरवलं, विचारायचं. हसत हसत, थट्टेनं विचारलं तर काय बिघडतं? काहो, तुम्ही खरंच विसरत होते का? या वयात लोक एकमेकांना कशाकशाबद्दल विचारतात, गुडघ्यांबद्दल, साखरेबद्दल. हेही त्यातच. साठी उलटलेल्या बाईनं एक साडी निवडायला किती वेळ लावावा याला काही नियम नाही, त्यामुळे तिनं हवा तितका लावला.

हॉलवर पाहुण्यांसाठी पोहे होते. उदय आत आला तो काठी न घेता, पण बायकोचा हात धरून. केस पांढरे, पोट सुटलेलं. दारातूनच त्यानं हाळी दिली, "काय प्रॉम्प्टर! ओळखलं का?"

सगळा हॉल वळून बघू लागला. मंदाकिनीनं पदर सारखा केला. ती म्हणाली, "ओळखलं ना. कसे आहात?"

उदयनं कानामागं हात धरला. "काय?"

"कसे आहात, विचारताहेत!" त्याची बायको त्याच्या कानाशी मोठ्यानं म्हणाली. मग मंदाकिनीकडे वळून ओशाळं हसली. "मी अर्चना. यांना अजिबात ऐकू येत नाही हो. एक कान गेलाच आहे, दुसऱ्यात मशीन आहे, तरी मोठ्यानंच बोलावं लागतं."

मंदाकिनीनं मान डोलावली. पोहे खाताना उदय समोरच बसला होता. ती जे काही बोले ते अर्चना त्याच्या कानात पुन्हा म्हणे, न कंटाळता, एखादा शब्द बदलून, सोपा करून. अर्चना खरंच चांगली बाई होती. त्याच्या बशीतली मिरची न बघता काढून ठेवत होती. मंदाकिनी तिच्याकडे बघत राहिली. प्रॉम्प्टर आता ही होती. आणि जे विचारायचं होतं ते या बाईच्या तोंडून त्याच्या कानात घालता येणार नव्हतं. ओरडून तर नव्हतंच.

"तुमच्याबद्दल यांनी फार सांगितलंय," अर्चना म्हणाली.

"काय सांगतलं?"

"की मंडळात एक प्रॉम्प्टर होत्या, त्या होत्या म्हणून मी स्टेजवर उभा राहायचो."

"काही तरीच," मंदाकिनी म्हणाली, आणि पोह्यांवर लिंबू पिळलं. ते आधी एकदा पिळून झालं होतं.

प्रयोग चांगला रंगला. यंदाचा विनायक विराज दोनदाच अडला, गंधाली नावाची पोरगी कुमुद म्हणून फर्मास शोभत होती. पाच-सहा वाक्यं हिंदीत गेली, पण लोकांना त्याचं काही वाटलं नाही, कारण अर्धा हॉल घरीही तसाच बोलतो. शेवटचा प्रसंग आला तसा नीलेश माइक घेऊन मध्येच स्टेजवर शिरला.

"मंडळी, हा शेवटचा सीन आज ओरिजिनल विनायक करतीन! उदयकाका, या!"

टाळ्या पडल्या. उदय नाही नाही म्हणाला आणि उठला. अर्चना त्याच्या शाल-नारळासकट विंगेत आली, मंदाकिनीच्या स्टुलाशेजारी उभी राहिली. स्टेजवर जाण्याआधी उदयनं कानातलं मशीन काढून तिच्या हातावर ठेवलं. "स्पीकरजवळ शिट्टी मारते लेकाचं," तो म्हणाला.

"अहो, मग ऐकू कसं येणार?" अर्चना म्हणाली, पण तेही त्याला ऐकू आलं नाही. तो गेला. ती मंदाकिनीला म्हणाली, "याच्याशिवाय यांच्या कानाशी ढोल वाजवला तरी कळत नाही. आता काय करतील?"

पण उदय ठीक चालला होता. गंधालीच्या ओठांकडे बघून, जागा ओळखून, एकेक वाक्य फेकत होता. आवाज थोडा फाटला होता, बाकी सगळं तेच. नुसती भुवई उडवली तरी मागच्या रांगेतले म्हातारे हसत होते. भांडण मिटलं. गंधालीनं कप हातात दिला. उदय खुर्चीवर बसला.

आणि थांबला.

हळूच त्यानं उजव्या विंगेकडे बघितलं.

 हॉलमध्ये कोणीतरी चुकचुकलं. अर्चनानं मंदाकिनीचा दंड धरला. "अडकले वाटतं. सांगा ना हो, सांगा ना त्यांना."

मंदाकिनीनं पदर तोंडावर धरला होता. वाक्य जिभेवर होतं, जन्मभर तिथंच होतं. पण सांगून काय उपयोग? त्याला ऐकू येणार नव्हतं, आणि पदराआडून ओठही दिसणार नव्हते. पदर खाली घ्यावा हे तिला सुचलं नाही. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

तेवढं वाक्य सांगायला जितका वेळ लागतो, तितका वेळ उदय थांबला. मग त्यानं मान हलवली, कळलं म्हणून हलवायचा तशी. आणि विंगेकडेच बघत तो म्हणाला, "तू नसलीस की या घरात करमत नाही."

हॉल पुढच्या शब्दाची वाट बघू लागला. गंधालीही वाट बघत होती. उदय काही बोलला नाही. त्यानं कप तोंडाला लावला.

"मांजराले!" मागून गंगाधर मास्तर ओरडले, आणि हॉल कोसळला.

विंगेत अर्चनानं सुटकेचा श्वास टाकला. "बाई गं! आलं एकदाचं. तुम्ही सांगितलंत वाटतं?"

मंदाकिनीनं तिच्या हाताकडे बघितलं. अर्चनाच्या बंद मुठीत ते मशीन बारीक शिट्टी मारत होतं.

"सांगतलं ना," मंदाकिनी म्हणाली. "तुम्हाले ऐकू नाही आलं. लई हळू सांगा लागते."

अर्चनानं मूठ उघडली. मशीनकडे बघितलं, मग स्टेजकडे, मग मंदाकिनीकडे. अंगठ्याच्या नखानं तिनं मशीनच्या सेलचं छोटं झाकण उघडलं, तशी शिट्टी थांबली. मशीन तिनं रुमालात गुंडाळलं.

"हो," ती म्हणाली. "हळूच सांगावं लागत असेल."

टाळ्या थांबत नव्हत्या. पडद्याचा दोर मंदाकिनीच्या हाताशी होता आणि तो ओढायचं काम तिचंच होतं. तिनं दोर धरला. समोर उजेडात उदय रिकाम्या कपातला चहा सावकाश पीत होता. मंदाकिनीनं दोर धरून ठेवला, ओढला नाही.

"पडदा, मंदाताई, पडदा!" पलीकडच्या विंगेतून नीलेश हातवारे करत होता.

"हव रे," ती हळूच म्हणाली, "चहा तं होऊ दे त्यांचा."